फकिरामामाच्या म्हशीबद्दल खुलासा

हुडको, भिलाई
मंगळवार, जेवणं झाल्यावर

ती. नलूताईस,

दिवाकरचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे ठीक आहोत. माधवीच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं व्हायचं आहे. त्यामुळे सध्या मी तिला अर्धाच दिसतो, आणि तेवढा पुरे आहे असं ती म्हणते. तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला कसे आहेत ते कळव. पोस्टाचं पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझ्या कमलेशने मला घरच्या ग्रुपमधून काढून टाकलं आहे, आणि भाच्याने हाकलल्यावर मामाला पोस्टाशिवाय वाट उरत नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. एका सकाळी एकाच म्हशीची बातमी तीनशे बारा वेळा आली तर मीही काढलं असतं. पण माझी बाजू कोणी ऐकलीच नाही, म्हणून हा खुलासा.

झालं असं की दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात आपल्या अकरा कॅसेट. तुला आठवतं ना, सेक्टर २च्या क्वार्टरमध्ये आई चटई टाकून टेपसमोर कशी बसायची? लिहिता येत नव्हतं तिला, आणि बाबांचं पत्र म्हणजे तार ('सर्व ठीक. पाऊस बरा. कळावे.'). म्हणून आई फकिरामामाला बोलून पत्र पाठवायची. आधी खिडकी लावायची, कारण बाहेर सायकलींची रांग आणि प्लांटचा भोंगा. मग केस नीट करायची (टेपला दिसत नाही हे तिला कोणी पटवू शकलं नाही) आणि बोलायला लागायची. भंडाऱ्याकडे रजेवर जाणारा जो कोणी सापडेल त्याच्या पिशवीत ती कॅसेट जायची. आणि आईचा नियम तर तुला ठाऊकच आहे. शेजारचा डबा रिकामा परत करू नये, निदान चार मिरच्या घालाव्या. कॅसेटलाही तोच नियम. मामा ऐकायचा, आणि त्याच कॅसेटवर आपलं उत्तर भरून परत पाठवायचा. मग आपण ऐकायचो आणि आई पुन्हा त्यावरच बोलायची. वर्षानुवर्षं हे चाललं आणि ते किती शहाणपणाचं आहे असं आपल्याला वाटायचं.

तर मला वाटलं, त्या कॅसेटींमधलं सगळं कागदावर उतरवून घ्यावं. मी हाताने लिहायला बसलो. अर्ध्या तासात मामाचं एक वाक्य झालं, कारण मामा बोलताना मध्ये बैलाशीही बोलतो. दिवाळीला आमची मिताली पुण्याहून आली होती. ती म्हणाली, बाबा, हे हाताने करायचं काम नाही. तिने लॅपटॉपवर चौकोन मांडले आणि ते बाणांनी जोडले. पहिल्या चौकोनात फोल्डर. कॅसेट वाजवायची, शेजारी फोन ठेवून रेकॉर्ड करायचं आणि ते रेकॉर्डिंग त्या फोल्डरमध्ये टाकायचं. ते तिथे पडलं की आपोआप लिहिणाऱ्या यंत्राकडे जाणार, लिहिलेलं कागदासारखं तयार होणार आणि ग्रुपवर सगळ्यांना पोचणार. कोड म्हणून एक ओळ लिहावी लागली नाही. मी चौतीस वर्षं रेल मिलमध्ये काढली, तापलेलं लोखंड एका रोलरवरून पुढच्यावर आपसूक जाताना पाहिलं आहे, त्यामुळे मला हे लगेच पटलं. (फक्त तिथे काही अडलं की मागचं सगळं थांबवायचं लाल बटण असतं. इथे ते कुठे आहे हे मी विचारलं नाही. इतकी नोकरी केलेल्या माणसाने हे विचारायला हवं होतं.)

पहिले दोन दिवस काम झकास चाललं. यंत्र इमानदार आहे, जे ऐकतं ते लिहितं. अकराही कॅसेट 'आवाज येऊन राहिला का?' यानेच सुरू होतात, आणि मामी, पाटील, शाळेचे मास्तर, प्रत्येक जण तेच विचारून मगच पुढे बोलतो. बोलणाऱ्यांची नावं यंत्राला माहीत नाहीत, म्हणून ते 'वक्ता १', 'वक्ता २' असं लिहितं. एका ठिकाणी वक्ता ४ म्हणजे बकरी आहे अशी माझी खात्री आहे.

मिताली पुण्याला परतली आणि माधवी म्हणाली, "मले तं काई दिसत नाई. तुमी सगळ्यायले वाचाले देता, अन् मी काय करू?" तिचं बरोबर होतं. मग मी स्वतः एक चौकोन वाढवला. लिहिलेलं यंत्रानेच मोठ्याने वाचायचं आणि ते वाचन साठवून ठेवायचं, म्हणजे तिला केव्हाही ऐकता येईल. कुठे साठवू, असं यंत्राने विचारलं. आता ताई, तूच सांग, आईच्या हाताखाली वाढलेला माणूस काय उत्तर देईल? ज्या डब्यातून आलं त्याच डब्यात. मी पहिलंच फोल्डर दाखवलं आणि फोन घरी चार्जिंगला लावून सेक्टर ६च्या बाजारात भाजी आणायला गेलो.

त्या फोल्डरमध्ये काही पडलं की उचलायचं, एवढंच यंत्राला ठाऊक. त्याने स्वतःचंच वाचन उचललं, लिहिलं, ग्रुपवर पाठवलं, पुन्हा वाचलं, पुन्हा त्याच डब्यात घातलं. मामाची काळी म्हैस व्याली आणि तिला पारडी झाली, ही चाळीस वर्षांपूर्वीची बातमी मी कोथिंबीर निवडत असताना गावोगावी जात राहिली. रायपूरच्या देवेंद्रने पहिल्या वेळेला अभिनंदन केलं. पंधराव्या वेळेला हीच म्हैस आहे की दुसरी असं विचारलं. खुशबूने चीक मागितला. ज्यांनी मामाला खांदा दिला त्यांनीही मामाची तब्येत विचारली. मी घरी पोचलो तेव्हा कमलेशचं मला काढून झालं होतं आणि माधवी पट्टी बांधलेल्या डोळ्यावर हात ठेवून हसत होती.

मितालीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आउटपुट उसी फोल्डर में क्यों डाला?" मी सांगितलं, आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. मग पुण्यात बसूनच तिने दोन मिनिटांत दोन वेगळी फोल्डरं करून दिली.

हसून झाल्यावर मी उरलेले कागद वाचायला बसलो, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की अकरा कॅसेटींमध्ये आई नाही. मामा आहे, मामी आहे, बकरी आहे. आई कुठेच नाही. असणार कशी? ती जे बोलली त्यावर त्यांनी उत्तर भरलं. मी तो डबा इतकी वर्षं आईचा म्हणून जपला, क्वार्टर बदललं तेव्हा सेक्टर २हून सेक्टर ६ला मांडीवर ठेवून नेला. मला फार वाईट वाटलं, ताई. हे सगळं मी तिच्यासाठीच सुरू केलं होतं.

सातव्या कॅसेटमध्ये मात्र मामा मध्येच थांबतो, त्याचे सेल संपले असावेत. त्याच्यापुढे यंत्राने 'वक्ता २' म्हणून चार ओळी लिहिल्या होत्या. मी कॅसेट लावली. मामाच्या बोलण्याखाली पुसायची राहून गेलेली आई होती. "नलूले मी येगळी कॅसेट धाडली. तिचा आवाज काई आला नाई अजून. रागावली असन पोरगी. तू जाऊन पाहजो." मग प्लांटचा भोंगा, आणि संपलं. एकोणीस सेकंद. माधवी आतून येऊन माझ्याजवळ बसली. त्या दिवशी आम्ही यंत्राला दुसरं काही काम दिलं नाही.

भावजींना नमस्कार, कमलेशला आशीर्वाद (काढलं तरी).

तुझा भाऊ,
दिवाकर

ता. क. कमलेशला सांग, आता माझ्या होकाराशिवाय ग्रुपवर काहीही जात नाही. मितालीने लाल बटण बसवलं आहे. मला परत घ्यायला हरकत नाही.

ता. क. २. लग्नानंतरच्या तुझ्या पहिल्या दिवाळीला मी तुला आणायला आलो नाही. रजा मंजूर झाली नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. मी अर्जच दिला नव्हता. आमच्या डिपार्टमेंटची व्हॉलीबॉलची फायनल होती. आम्ही हरलो. तू संध्याकाळपर्यंत उंबरठ्यावर बसून होतीस हे मामाने नंतर सांगितलं. तुझ्या कॅसेटमध्ये आईने माझ्याच वतीने माफी मागितली असणार, आणि खरं तिलाही माहीत नव्हतं.

ता. क. ३. ती कॅसेट तू परत केली नाहीस. नलूने डबा परत केला नाही, असं आई शेवटपर्यंत म्हणायची, आणि तुला त्याचं किती लागलं आहे ते मी जाणतो. आता ते मनातून काढ. तू उत्तर भरलं असतंस तर त्यात तू असतीस, आई नसती. तू काही टाकत नाहीस, म्हणजे ती कॅसेट तुझ्याकडे असणारच. पोस्टाने पाठवू नकोस. शनिवारी मी टेप आणि नवे सेल घेऊन येतो, दोघं मिळून ऐकू, आणि मग तुला इकडे घेऊन येतो. उंबरठ्यावर बसू नकोस, तुझे गुडघे दुखतील. पण येतो.