टाकीचं कुलूप

प्रिय आसाराम,

अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस. अठरा वर्षांनी लिहितोय. शिव्या दे, पण शेवटपर्यंत वाचून दे.

इकडं पुन्हा शहाऐंशीसारखा दुष्काळ पडलाय. टँकर तिसऱ्या दिवशी येतो. आपली दूध सोसायटी कधीच बसली. तू चालवायचास तो सोसायटीचा तीनचाकी टेम्पो बाभळीखाली उभा आहे, त्यात शेजारच्या भिवराबाईची कोंबडी अंडी घालते. चेअरमन म्हणून मी एवढा मिरवलो, त्यातलं हे खुराडं तेवढं शिल्लक राहिलं.

शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात सोसायटीतल्या पंडितनं माझे कान भरले की तू डिझेल काढून विकतोस. मी लोहाराकडून टाकीला कुलपाचं जाड झाकण करून घेतलं आणि चावी करदोट्याला बांधली. त्याच आठवड्यात टेम्पोचं दुखणं सुरू झालं. सकाळी पहिल्या झटक्यात चालू व्हायचा, तलवाडा आला की गचके खाऊन बंद पडायचा. अर्धा तास उभा राहिला की पुन्हा निघायचा, तोवर कॅनमधलं दूध नासलेलं. तू म्हणायचास, इंजिन तापलं की दम सोडतंय. तू जाळी साफ केलीस, नळी बदललीस, इंजिनावर ओलं पोतं टाकलंस. प्यायला पाणी नव्हतं तेव्हा घरच्या घागरीतलं पाणी त्या पोत्यावर ओतलंस. आणि मी शहाण्यानं काय ताडलं, तर चोरी बंद झाली म्हणून तू मुद्दाम गाडी बंद पाडतोस.

मग तो दिवस. गाडी पुन्हा बंद पडल्याचा निरोप आला तसा मी फटफटीवर तलवाड्याला आलो. पारावर वीसेक माणसं होती. कुलूप काढलं, टाकीत काडी घालून पाहिली, डिझेल अर्ध्यावर. तुला म्हटलं, कर चालू. टेम्पो लगेच चालू झाला. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "इंजिन खोटं बोलत नसतं. तू चोर हायेस." तू खाली उतरलास, टॉवेल खांद्यावर टाकलास आणि एवढंच म्हणालास, "याच पारावर हे शब्द माघारी घेशील, तवाच गावात पाय ठेवीन." गेलास तो जालन्याला. तुझी आईच तुला भेटायला येत राहिली, वर्षातून दोनदा, भाकरी बांधून.

परवा आमच्या घरातल्या तोटीच्या ड्रमातून पाणी येईना. मी तोटी उघडझाक करत बसलो होतो. तुझी वहिनी छबुबाई चुलीपासून ओरडली, "आधी झाकण ढिलं करा. वारा आत गेल्याबिगर पाणी भायेर कसं येईल?" मी झाकण ढिलं केलं, पाणी आलं. उठून बाभळीखाली गेलो. लोहाराच्या झाकणाला एकही भोक नाही. जुनं झाकण सोसायटीच्या फडताळात सापडलं, त्याला सुईएवढं भोक आहे. इंजिन तापायचा प्रश्नच नव्हता. टाकीत वारा जात नव्हता म्हणून डिझेल येत नव्हतं. उभी राहिली की फटीतून थोडा वारा झिरपायचा म्हणून पुन्हा निघायची. आणि त्या दिवशी माझ्यासमोर गाडी लगेच चालू झाली ती मी कुलूप काढलं म्हणून.

काल तलवाड्याच्या पारावर जाऊन सगळं सांगितलं. चोर आसाराम नव्हता, चूक माझी होती, असं मोठ्यानं म्हणालो. त्या वीसांतले चारच ऐकायला उरलेत. तिथून तुझ्या आईकडं गेलो, पायावर डोकं ठेवलं. साखराबाई म्हणाली, "माझ्याजवळ काहून सांगता? चावी तुमच्याजवळ व्हती, त्याला लिव्हा."

आसाराम, ती दोन महिने अंथरुणाला खिळून आहे. तुला कळवू देत नव्हती. लेकराची आण मोडायला नको, म्हणायची. आता तुझी आण फिटली. गेवराईच्या डॉक्टरनं हात टेकलेत. ती चावी पाकिटात घातली आहे, विहिरीत फेक नाहीतर माझ्या तोंडावर मार. पण पत्र मिळताच मिळेल त्या गाडीनं नीघ. अठरा वर्षं मी उशीर केला, तू एक दिवसही करू नकोस.

तुझाच अपराधी,
राधाकिशन