विषबाधेचा कागद कोणाच्या ढिगात

पुणे, २ सप्टेंबर २०१८

प्रिय दादा,
धम्मशीलाचा सप्रेम जय भीम. आई-बाबांना नमस्कार, छकुलीला पापा. मी मजेत आहे. फोनवर तू नुसतं 'हाव हाव' करून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. आता पळून दाखव!

आधी फुशारकी मारून घेते. आमच्या संस्थेची कपाशीच्या सल्ल्याची वेबसाइट काल नव्या रूपात सुरू झाली, आणि तिची मांडणी तुझ्या बहिणीनं केली आहे. जुन्या साइटवर हवं ते सापडायचंच नाही. फवारणीच्या विषबाधेचं पान तर 'इतर माहिती'च्या पोटात गाडलेलं.

म्हणून मी धामणगाव बढेला गेले. मनकर्णाबाईंच्या ओसरीवर बायकांपुढे एकेक विषय लिहिलेले कागद ठेवले आणि म्हटलं, लावा तुमच्या मनानं. त्यांनी पाहिलं ते काम कोणाचं एवढंच. निंदण, वेचणी आपल्या ढिगात, फवारणी गड्यांच्या. विषबाधेचा कागद मीही तिकडेच सरकवला, तर मनकर्णाबाईंनी हात धरला.

"थो आमचा कागद हाय, बाई. गड्याले चक्कर आली त थो सांगते काय? मटकन बसते अन् म्हनते, ऊन लागलं. दवाखान्यात मंग आमालेच न्या लागते."

सगळ्या हसल्या, मीही हसले. मग एकदम आठवलं, गेल्या पोळ्याला तूही असाच बांधावर बसला होतास.

संस्थेचे साहेब म्हणाले, असलं पान आधीच दिसलं तर लोक बिचकतील. मी त्यांना व्हिडिओ दाखवला: ओसरीवरच्या बायकांतली बेबीताई जुन्या साइटवर ते पान शोधून शोधून दमलेली. मग मानले. पण 'तुम्हाला विषबाधा झाली आहे का?' हे बटण एकही गडी दाबेना! ते बदलून 'फवारल्यावर घरच्या माणसाला कसंतरी होतंय?' असं केलं, आणि बायकांनी पटापट दाबलं. आता ते सगळ्यात वर आहे. दादा, इतका अभिमान मला परीक्षेत पहिली आले तेव्हाही वाटला नव्हता.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. मागच्या महिन्यात मी घरी जानेफळला आले तेव्हा तू शेतात होतास. सुरू करण्याआधी नवी साइट वापरायला जमते का पाहावं म्हणून वहिनीच्या हातात मोबाइल दिला. तिनं पहिल्याच झटक्यात पान काढलं. लक्षणं वाचता वाचता थांबली. म्हणाली, "हे त यायले, तुह्या दादाले, दोनदा झालं. कोनाले सांगू नको म्हून मले शपथ घातली."

तिच्यावर डाफरू नकोस. शपथ मोडली म्हणून मला तिचं कौतुकच आहे. पोळ्यानंतर पुन्हा फवारणी असेल. त्याआधी तिच्याबरोबर मेहकरच्या डॉक्टरांकडे जा आणि दोन्ही वेळचं सगळं सांग. लाज कसली रे त्यात? साहेबांशी भांडताना मी घाबरले नाही, तुला हे लिहिताना मात्र घाबरलेय.

इथे सगळ्यांना सांगते, ते पान हजारो घरांसाठी आहे. मनात मात्र एकच घर होतं.

तुझ्यावर चिडलेली, तुझीच
धम्मशीला