चिठ्ठ्या लावलेले डबे

बोम्मसंद्रा, बंगलोर
२२ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप आईस,

हेमंतचा नमस्कार. रोहिणी, दादाचं हे पत्र आईला मोठ्याने वाच. एकही ओळ गाळू नकोस.

मी मजेत आहे. खोकला गेला. मेसमधलं सांबार गोड असतं, पण पोटभर मिळतं. तुझे गुडघे कसे आहेत?

कारखान्यात आता सगळी हत्यारं भिंतीवरच्या फळीला टांगायची आणि प्रत्येक खिळ्याखाली नावाची चिठ्ठी. हे काम माझ्याकडे आहे. मुनियप्पा नावाचे जुने फिटर रोज पाने-पकडी भलत्याच खिळ्याला अडकवायचे. सोमवारी मी त्यांना सगळ्यांदेखत झापलं. ते खाली मान घालून "सरी, सर", म्हणजे "बरं, साहेब", एवढंच म्हणाले. मागाहून कळलं, त्यांना वाचताच येत नाही.

काल मी चिठ्ठ्या काढून फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवला. आता त्यांचं काही चुकत नाही. पण ते माझ्याशी बोलत नाहीत.

आई, गणपतीत मी तुझे डबेही असेच लावून दिले, वर चिठ्ठ्या चिकटवल्या. तू "छान दिसतंय" म्हणालीस. नंतर चहात मीठ पडल्याचं रोहिणीने कळवलं, तेव्हा मी चक्क हसलो. तुला वाचता येत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? तरी लक्षात आलं नाही गं.

डबे परत तुझ्या सवयीने लाव.

पाकिटावर पत्त्याशेजारी मी पान्याचं चित्र काढलंय. ते दिसलं की पत्र माझं, हे तुला रोहिणी शाळेतून यायच्या आधीच कळेल.

तुझा,
हेमंत