सतरावी सळई

अण्णा, आज सकाळी तुमची छोटी हातोडी घेऊन मी झुलत्या पुलावर गेले होते. कर्वेनगरहून रिक्षा केली, कारण गुडघे आता बसची पायरी मानत नाहीत. अलीकडच्या मनोऱ्यापाशी उतरले आणि तुम्ही दर सोमवारी करायचात तसं, वरच्या जाड दोरापासून फळ्यांपर्यंत खाली आलेली एकेक सळई वाजवत निघाले. तुमच्या पाटबंधारे खात्याच्या खाकी शर्टाला ग्रीसचा वास यायचा. मी सात-आठ वर्षांची, तुमच्या मागून चालत मोजायचे. तुम्ही म्हणायचात, "रंगाकडं बघू नको, ऐक. ताण घेतलेली सळई बोलती. ढिली पडली की ठस्स करती. आणि एकीनं अंग काढून घेतलं, की तिचं वजन शेजारणींवर पडतं." आज सोळा सळया बोलल्या. सतरावी ठस्स झाली. मी पुन्हा वाजवली, मग तिसऱ्यांदा. माझे कान म्हातारे झालेत म्हणून शेजारची वाजवून बघितली, ती घंटेसारखी वाजली.

तेवढ्यात पलीकडून भाजीची पाटी घेऊन एक मावशी आल्या. तुमच्या वेळी त्या गावातल्या नव्या सूनबाई होत्या. थांबून म्हणाल्या, "काय बाई, उद्याच्या भाषणाला ठेका लावताय व्हय?" मी म्हटलं, "सळया तपासतेय." त्या हसल्या नाहीत. "अण्णा वाजवायचं तवा आमी निवांत जायचो. तुमी वाजवताय तर भ्या वाटतंय. हाय ना धड?" मी म्हटलं, "आहे, मावशी. जा तुम्ही." आणि त्या गेल्या. फळ्या त्यांच्या पावलांखाली खालीवर होत राहिल्या आणि मी त्या पार होईपर्यंत ती सतरावी सळई धरून उभी राहिले. पुढे मनोऱ्याशी जाऊन काठावर बसणाऱ्या आमच्या पूल बचाव समितीच्या पोरांना सांगायला हवं होतं की आज कोणाला सोडू नका. ते सांगितलं, पण त्या मावशी गेल्यावर.

दोन वर्षं मी या पुलासाठी भांडतेय. खात्याला तो पाडायचा आहे. "जुनाट सांगाडा" असं त्यांच्या कागदावर लिहिलंय. पुढे मोठा पूल झालाय, पण त्यावरून जायचं तर या बायकांना गाड्यांच्या गर्दीतून दीड तास जादा चालावं लागतं. मी सभा घेतल्या, अर्ज केले, साहेबांच्या तोंडावर त्यांचेच कागद वाचून दाखवले. पुलांवर हाती लागेल ते वाचलं. गवताचे दोर वळून डोंगरातले लोक दरीवर वाट बांधायचे आणि दोर कुजायच्या आत सगळं गाव बसून नवे वळायचं. मग लोखंडी साखळ्या आल्या, त्यानंतर बारीक तारांचे जुडगे. दगडी पूल आपलं ओझं जमिनीवर टाकून मोकळा होतो. झुलता पूल ते दोन्ही काठांकडून ओढून धरतो, वारा आला तर हलतो, माणूस आला तर हलतो. भाषणात मी म्हणायचे, हलतो म्हणून तर तो टिकलाय. टाळ्या पडायच्या. तुम्ही समोर असतात तर विचारलं असतंत, "आणि ग्रीस कोण लावतंय?"

उद्या शेवटची सभा आहे. खात्याचे लोक येणार आहेत. मी एकच वाक्य बोलले, की एक सळई ढिली आहे, सगळ्या तपासून होईपर्यंत पूल बंद ठेवा, तर ते तेवढंच वाक्य उचलतील आणि पूल कापून नेतील. नाही बोलले, तर परवा त्या मावशी पुन्हा पाटी घेऊन निघतील. आमच्या समितीतल्या मुलीला दुपारी फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, एका सळईसाठी सगळी केस सोडायची? प्लीज, उद्या नको." चांगली मुलगी आहे. तिच्या वयात मीही हेच म्हटलं असतं. तेव्हा म्हटलंच होतं.

तो हंडा मोर्चा आठवतो ना? धरण आपल्या उशाला आणि नळाला थेंब नाही. मी बावीस वर्षांची, सगळ्यांच्या पुढे. मागे बायका, कमरेवर रिकामे हंडे, हातातल्या कड्यांनी हंडे वाजवताहेत, घोषणेला ठेका, ठेक्याला पाऊल. पुलाच्या मध्यावर फळ्या आडव्या सरकायला लागतात. आणि पलीकडच्या टोकाला तुम्ही, खाकीत, दोन्ही हात पसरून. "गप! हंडं वाजवू नका! ताल मोडा, बायांनो, एकेकटीनं चाला!" ढोलासारखा चाललेला मोर्चा एकदम विस्कटतो. बायका गुपचूप, वेगवेगळ्या पावलांनी पार होतात. मी तुमच्यासमोर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "तुम्ही खात्याचे आधी, आमचे नंतर." सगळे गेल्यावर वाकून मधल्या सळया वाजवत बसलात. महिनाभर मी तुमच्या ताटाजवळ बसले नाही. आईने विचारलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "तिचा आवाज चांगला हाय. पुलाला कळत न्हाई, एवढंच."

पुढे कधीतरी वाचलं, की ताल धरून चाललेल्या शिपायांनी असा एक पूल पाडला होता आणि तेव्हापासून पलटणीला पुलावर ताल मोडायचा हुकूम देतात. तुम्ही जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सांगायला कोणी नव्हतं.

उद्या मी बोलणार आहे. पूल ठेवा, पण आजपासून वाट बंद, सळया बदलेपर्यंत. पूल गेला तर माझ्या तोंडून जाईल. कोणीतरी उठून मला खात्याची म्हणेल. दमलेय, अण्णा, घसाही पूर्वीसारखा राहिला नाही.

हा कागद तुमच्या हातोडीच्या पेटीत ठेवते, दुसरं कुठे पाठवणार. एक गोष्ट मात्र तेव्हाच सांगायला हवी होती. त्या दिवशी पूल हलतोय हे तुम्ही ओरडायच्या आधीच माझ्या तळपायांना कळलं होतं. मी घाबरले नव्हते. माझ्या आवाजाने हलतोय म्हणून मला आनंद झाला होता, आणि मी घोषणा आणखी जोरात दिली होती.