मामा उठत नाही

मंगळवार, ९ तारीख

बारक्या, आशीर्वाद.

बाहुल्यांशी खेळून कुणी शहाणं होतं का, असं परवा फोनवर दात काढून विचारलंस. तुला काय जातंय विचारायला. चिमीनं वर्गातल्या पोरीचं डोकं बाकावर आपटलं, तेव्हा शाळेत तोंड दाखवायला मी गेले, तू नाही. त्या पोरीच्या भुवईला टाके पडले आणि आमची सात वर्षांची बया कोरड्या डोळ्यांनी बघत उभी. "तिला दुखलं असेल ना गं?" विचारलं तर म्हणे, "मग?" बाप वेगळा राहायला गेल्यापासून हे असंच. शाळेनंच त्या खेळवणाऱ्या बाईंकडे धाडलं.

खोलीत वाळू, लाकडी ठोकळे, बाहुल्या. बाईंचा नियम एकच. पोर सांगेल ते करायचं, मध्ये बोलायचं नाही. माझ्यासारखीला हे सांगतात, बघ. इतके दिवस चिमी नुसती बाहुल्यांच्या माना पिरगाळत होती. बाई म्हणायच्या, "पिरगाळू दे." मी मनात म्हणायचे, हे तर घरीही करते.

काल म्हणाली, "आई, तू मामा हो. भिंतीकडे तोंड करून बस. तुला टीव्ही बघायचाय."

बसले. मागे ठोकळ्यावर काहीतरी आपटायला लागलं. धप्. धप्. मग ऐकू आलं, "हात सोड, मोडेल, सोड." आवाज चिमीचा, बोल माझे. हाड मोडल्याचा आवाजसुद्धा तिनं तोंडानं काढला. मी उठून वळले. आईबाहुलीचा हात उपटून पडलेला, आणि बापाची बाहुली अजून तिला आपटतेच आहे. चिमी खेकसली, "मामा उठत नाही. बस खाली."

परत बसले. पुन्हा वळून बघायचं धाडस झालं नाही. मग ती मागून आली, माझ्या कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, "मामा, घाबरू नकोस. संपलं." इतक्या मायेनं. म्हणजे दुसऱ्याचं दुखणं तिला कळतं रे. पहिलं कळलं ते तुझं, माझं नाही.

तुझे पाय का हलले नाहीत ते मलाही त्या भिंतीशी कळलं. चिमीच्या बापाच्या हाताखाली कामाला होतास, आणि लहानपणापासून भित्रा. पण कळलं म्हणजे सोडलं, असं समजू नकोस. तू टीव्हीचा आवाज वाढवला होतास. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही.

सोमवारी तो कोर्टात चिमीला मागणार आहे. मी जिन्यावरून पडले, असं लिहून दिलंय त्यानं. माझं मनगट वाकडं जुळलंय, इस्त्री धरवत नाही, आणि हे म्हणे जिन्यानं केलं. वकील म्हणतो, पोरीला विचारू. मी म्हटलं, घरात एक मोठं माणूसही होतं, आधी त्याला विचारा.

आज वेणी घालताना चिमीनं विचारलं, "मामा कधी उठणार?" म्हटलं, विचारून सांगते.

शुक्रवारपर्यंत कळव.

तुझी ताई