कोपऱ्यावरची शिडी

२५ ऑक्टोबर

शिडी गाडीच्या टपावर बांधून पहाटे निघालो. आर्डिथ म्हणाली, "लोक शिकारीला निघतात, आपण भिंत रंगवायला!" खरंच तसं दिसत असणार. सत्तरीची बायको, त्र्याहत्तरीचा नवरा, दोघांच्या अंगात शिकाऱ्यांची भडक नारिंगी जाकिटं, मागच्या सीटवर बंदूक.

पण शिडीवाचून घोडं अडतं. इथली जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी कापलेली. एक चौकोन सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. त्याला लागून रँचचा, म्हणजे गुरं पाळणाऱ्या खाजगी मालकाचा. रस्त्याकडचा सरकारी चौकोन आणि डोंगरातला सरकारी चौकोन फक्त कोपऱ्यात एकमेकांना टेकतात. तिथे बशीएवढी पितळी खूण पुरलेली आहे. आजूबाजूला पाऊल पडलं की रँचवर घुसखोरी. म्हणून शिडी — इकडून चढायचं, खुणेवरून पलीकडे उतरायचं!

आर्डिथला यंदा शिकारीचा परवाना लागला. याच डोंगरातल्या नर एल्कचा, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाचा. वीस वर्षं सोडतीत नाव घालत होती. पुन्हा लागेपर्यंत नव्वदी. "तेव्हा एल्कला मी दिसेन, मला एल्क नाही," म्हणते. मुदत तीस नोव्हेंबर.

खुणेपाशी रस्क घडीची खुर्ची टाकून बसलेला. रँच तोच सांभाळतो. मालक दूर कुठल्या तरी शहरात असतो, वर्षातून दोनदा हेलिकॉप्टरने येऊन धूळ उडवून जातो. रस्कला आठवीत भूमिती शिकवली ती आर्डिथनेच.

"बाई, नका ना जाऊ."

"रस्क, बिंदूला लांबी-रुंदी असते का?"

"नाही, बाई."

"मग मी तुझ्या मालकाच्या किती जागेवरून जाणार?"

पोरगं विचारात पडलं. पोरगं कसलं, पन्नाशीचा बाप्या! "जागेचं नाही म्हणत, बाई. मालक म्हणतात वरची हवापण त्यांची. आणि तुम्ही बिंदूपेक्षा... म्हणजे... जरा रुंद आहात."

मी शिडी धरून खाली बघत हसू दाबलं. आर्डिथ चढली, उतरली, आणि दिवसभर तिचा एकच जप — "रुंद!"

२६ ऑक्टोबर

सरकारी चौकोनात दिसलं ते — एक ससा आणि कालची आमचीच पावलं.

२९ ऑक्टोबर

सापडले एल्क! चाळीसेक असतील. कुंपणापलीकडे, रँचच्या कुरणात, गवताच्या गंजी फोडून खातायत. मध्ये तो नर. घोड्याएवढा, डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण पलीकडे! आम्ही दगडावर, तो गंजीपाशी. आमच्याकडे बघत निवांत रवंथ करत होता. आर्डिथ त्याला म्हणाली, "ये की रे इकडे, लाजतोस काय?" तर त्याने पाठ फिरवून शेपूट दाखवलं.

३ नोव्हेंबर

गावात कॉफी प्यायला गेलो तर तिथे हसून हसून पुरेवाट. मालकाने वन्यजीव खात्याकडे तक्रार केलीय — एल्क आमचं गवत खातात, सरकारने काही तरी करावं! खात्याने सांगितलं, मग शिकाऱ्यांना सोडा आत. त्यावर मालक म्हणे, शिकारी नकोत, एल्क न्या.

८ नोव्हेंबर

मालकाचा नवा हुकूम — हवा कोण ओलांडतं त्यावर नजर ठेवा. बिचारा रस्क! खुणेच्या दोन बाजूंना खांब ठोकले, मासे धरायची दोरी ताणली आणि तिला नाताळच्या झाडाच्या घंटा बांधल्या. घंटा वाजली की फोटो काढायचा.

वारा सुटला होता. आम्ही तिथे पोचेपर्यंत रस्कने वाऱ्याचे दीडशे फोटो काढले होते. हात गारठून निळे पडलेले. आर्डिथने थर्मास त्याच्या हातात दिला. "वारासुद्धा घुसखोरी करतो, रस्क. धर त्याला!"

"बाई, चेष्टा करू नका. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

त्याने फुटाण्यांसारखे खिशातून वाळवलेल्या मांसाचे तुकडे काढून आम्हाला दिले. मग आम्ही घंटा वाजवत शिडीवरून गेलो आणि त्याने आमचाही फोटो काढला. आर्डिथने केस सारखे केले.

पलीकडे — ससा.

१४ नोव्हेंबर

बर्फ. शिडी घसरली, मी बुडावर आपटलो. अर्धं बूड सरकारी जमिनीत, अर्धं रँचवर. रस्क खुर्चीवरून उठलाच. "काका, कुठलं अर्धं आधी उचलू?"

लागलं बरंच. आर्डिथने विचारलं, "घरी बसतोस का?" नाही म्हणालो. रात्री ती बंदूक पुसत बसली होती तेव्हा वाटलं, हिला हा नर मिळालाच पाहिजे. माझं बूड गेलं खड्ड्यात. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, हिने माझ्याकडे शिडी धर यापलीकडे काही मागितलेलं नाही.

१६ नोव्हेंबर

घंटा वाजल्या म्हणून रस्कने काढलेला माझ्या बुडाचा फोटो मालकापर्यंत पोचला! आता तो हद्दीची मोजणी करवतोय. अर्धं नाही, पूर्ण बूड रँचवर पडलं हे सिद्ध करायचंय म्हणे. वकील लावलाय.

२० नोव्हेंबर

मोजणीवाली आली. इंग्रिड म्हणून, उंच, अबोल. दिवसभर दुर्बिणीतून बघितलं, मग तीन वेळा मोजलं, मग कुदळ मागितली. पितळी खुणेपासून चांगलं दोन फुटबॉल मैदानांएवढं पश्चिमेला जाऊन तिने खणलं. जुना चिऱ्याचा दगड निघाला, वर सरकारी खूण कोरलेली!

पितळी बशी कुणीतरी सरकवली होती. मालकाच्या आधीच्या मालकाच्या आजोबाने असणार, ओढ्याच्या पाण्यासाठी. म्हणजे खरी हद्द पश्चिमेला. म्हणजे गंजींचं कुरण रँचचं नाहीच — सरकारी! म्हणजे आपलं!

रस्क दोरीतल्या घंटा सोडायला लागला. "बाई, मी महिनाभर कुणाची हवा राखत होतो?"

आर्डिथ बर्फात नाचली. सत्तरीत! मी नाचलो नाही, बूड अजून दुखतंय. रस्क म्हणाला, "मालकांना तुम्ही सांगता का?"

२१ नोव्हेंबर

कळपाला मोजणीच्या गडबडीने पळवलं. आर्डिथ म्हणते, येतील, गंज काही कुठे जात नाही. तिला इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर

दुपारी इंग्रिड आमच्या दारात. हातात गुलाबी फितीच्या खुंट्या. म्हणाली, हद्दीची रेघ कुरणापाशी थांबत नाही, सरळ दक्षिणेला उतरते. आम्ही म्हणालो, उतरू दे. ती म्हणाली, ती इथे उतरते.

आमच्या परसामागे नदीकाठचा सरकारी पट्टा आहे. मासे धरणारे येतात. तो पट्टा आता पश्चिमेला, आमच्या घराकडे सरकतो. तिने अंगणात एक खुंटी मारली, दुसरी माझ्या बटाट्याच्या इवल्याशा वाफ्यात, आणि मग माफी मागत स्वयंपाकघरात आली. फिरून बघितलं. शेगडी आमची. फ्रिज, जेवणाचं टेबल आणि मागचं दार — सगळ्यांचं.

"सगळ्यांचं म्हणजे?" आर्डिथने विचारलं.

"म्हणजे सरकारी. पुढे अर्ज वगैरे करता येईल. वर्ष-दोन वर्षं लागतात."

ती गेल्यावर बराच वेळ आम्ही शेगडीच्या बाजूला उभे राहिलो. दूध फ्रिजमध्ये होतं.

२६ नोव्हेंबर

नवी हद्द सगळ्यांच्या फोनमधल्या नकाशात आली. सकाळी परसात दोन तरुण, नारिंगी टोप्या, कपड्यांच्या दोरीखाली तंबू ठोकतायत! मी ओरडत बाहेर गेलो.

"काका, नमस्कार. ही सरकारी जमीन ना?"

"हे आमचं घर आहे!"

"हो, पण नकाशात..." पोरं सालस होती, हेच वाईट. एकाने विचारलं, "मागचं दार उघडं आहे का? नदीकडे सरळ पडतं."

आर्डिथ आतून बाहेर आली. तिचा चेहरा मला ओळखू येईना. मग आत जाऊन तिने मागच्या दाराला टेबल लावलं.

२७ नोव्हेंबर

सणाचा दिवस. टर्की भाजली. टेबल दाराला लावलेलं, म्हणून शेगडीशी उभ्या उभ्या जेवलो. खिडकीतून एक कुटुंब आत बघत होतं. लहान मुलीने हात हलवला. आर्डिथने पडदा ओढला.

२९ नोव्हेंबर

रस्कचा फोन. घाईत, कुजबुजत. "बाई, तुमचा नर आलाय! मोडक्या शिंगाचा. गंजीपाशी उभाय, एकटा. शिडी नको, काही नको, सरळ गाडीने या. मी इथेच आहे, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही."

आर्डिथने बंदूक घेतली, जाकीट चढवलं. दारापर्यंत गेली. अंगणात एक गाडी वळत होती. ती उंबऱ्यातच थांबली.

"मी बसतो घरी," मी म्हणालो. "तू जा. आर्डिथ, जा!"

"तुझं ते ऐकतील?" ती म्हणाली.

माझं कोण ऐकतंय! तिने जाकीट काढलं नाही, गेलीही नाही. रस्कचा फोन आणखी दोनदा वाजला.

३० नोव्हेंबर

परवान्याचा शेवटचा दिवस. शिकारीला गेलो नाही. फाटकाशी दोघं खुर्च्या टाकून बसलो, बंदूक तिच्या मांडीवर. सकाळपासून तीन गाड्या परत पाठवल्या. चौथीतली बाई म्हणाली, "आम्ही फक्त पाऊलवाटेने जाऊ." आर्डिथ म्हणाली, "हवेतूनही नाही."