हरिहरच्या पायऱ्या उतरताना

मंगळवार, संध्याकाळ

पोटऱ्या अजून ठणकताहेत. रविवारी हरिहर गड करून आले, तेव्हापासून घरचा जिनाही कठडा धरून उलटी उतरतेय. शेकून झालं, तेल चोळून झालं.

दुपारी कळवणहून मैत्रिणीचा, मंदाचा फोन. येत्या रविवारी ती लेकीला घेऊन हरिहरलाच निघालीय. मी सल्ले देत सुटले. पहाटे निघ, पाणी भरपूर घे, गुळगुळीत तळव्यांचे बूट नको, उतरताना तोंड दगडाकडे ठेव.

"तू चढलीस, मग मी काय आरामात चढेन गं!"

मी हसलेसुद्धा. पण खरं कुठे सांगितलं? त्या उभ्या पायऱ्यांवर वरून-खालून गर्दी अडकली, पोटरीत गोळा आला आणि पाय लटलट कापायला लागला. बोटं दगडातल्या खोबणीत रुतवून उभी होते. पाठीमागे नुसती हवा. हे का लपवलं? भित्री म्हणेल म्हणून?

आत्ता फोन लावून सगळं सांगितलं. मंदा म्हणाली, "मग तूच चल ना आमच्याबरोबर. तुला सगळं माहितेय."

"येते," म्हणून बसले. फोन ठेवायला गेले, तर बोटं सुटेनात. त्या खोबणीत असल्यासारखी आवळलेली.